पंचवीसवाली

माझ्या ताईचं लग्न ठरलं ते एका चुकीच्या उत्तरावर. नशीब बिशीब काही नाही, चुकीचं उत्तर. तेही येत असताना मुद्दाम दिलेलं.

ताई फिजिक्समध्ये एमएस्सी. समा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ती अकरावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. नव्या पोराला पहिल्या दिवशी हटकून एकच गणित घालायची: स्कूटर ताशी वीसने गेली, त्याच रस्त्याने ताशी तीसने परत आली, तर सरासरी वेग किती? पोरगं ऐटीत म्हणायचं, पंचवीस. ताई एकदम खूश!

"बेरीज करून दोनने भागलंस ना, गाढवा? रस्ता साठ किलोमीटर धर. जायला तीन तास, यायला दोन. एकशेवीस किलोमीटर, पाच तास. म्हणजे चोवीस! हळू जाण्यात वेळ जास्त गेला, मग सरासरी त्याच्याकडेच झुकणार."

मी शेजारी बसून भाजी निवडायची. ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ झालं होतं.

पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्याची आईला कोण ऐट! घरात मात्र खडखडाट. त्यातून 'मुलगी फारच शिकलेली' म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं आलं आमच्याच शहरातल्या वासणा भागातलं. मुलाचे वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर. ओल्या, गोडसर लीलो चिवड्याची बशी हातात घेऊन ते म्हणाले, "एमएस्सी ना तू? मग सांग पाहू." आणि त्यांनी नेमकं तेच गणित घातलं. वीस न् तीस!

मला हसूच फुटलं. ताईचे डोळे चमकले. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "आमचे चिरंजीव इंजिनीयर झाले, तरी यात आपटले होते हं!" चिरंजीव मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले. आईने ते पाहिलं. पदर सारखा करायच्या निमित्ताने तिने ताईच्या दंडाला असा चिमटा काढला, की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंचवीस," ताई म्हणाली.

म्हातारा काय फुलला म्हणता! रस्ता साठ धर, जायला तीन तास, सगळं साग्रसंगीत समजावलं. ताई मान डोलावून "अय्या, खरंच की!" म्हणाली. मला तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. आईच्या दोन.

होकार आला. "एका आकड्याने काय आभाळ कोसळलं?" आई म्हणाली.

कोसळलं की! सासऱ्यांनी तो किस्सा लग्नाच्या पंगतीतच सुरू केला. पुढे घरी येईल त्याला, "आमच्या सूनबाई एमएस्सी, पण पंचवीसवाली हं!" लहरीपुऱ्यातल्या साडीवाल्यालासुद्धा सोडलं नाही. ताईने शिकवणीची पाटी लावायचं काढलं, तर म्हणे, "कशाला लोकांची पोरं नापास करतेस?" नवरा खो खो हसला. इतकी वर्षं घरात हसं व्हायचं ते त्याचं. आता आयती बायको मिळाली होती. एकदा ताईने धीर करून सांगितलं, की मला तेव्हाही येत होतं. "येणारच! मी शिकवलं ना!" म्हातारा म्हणाला. त्यानंतर तिने तो विषयच सोडला.

भाचा अकरावी सायन्सला गेला त्या वर्षी मी एका दुपारी तिच्याकडे गेले. सासरे आत झोपले होते. भाचा हिंचक्यावर झुलत वही घेऊन बसला होता, चारला क्लासची परीक्षा होती. गाडी जाताना चाळीस, येताना साठ. पठ्ठ्याने लिहिलं होतं, पन्नास. आजोबांचा किस्सा त्याला तोंडपाठ, पण त्यातलं गणित समजून घ्यायची गरज त्याला कधी वाटली नव्हती. नुसतं हसायचं ठाऊक.

ताईने वहीत डोकावून पाहिलं आणि किती वर्षांनी तिचे डोळे तसे चमकले. "अरे राजा, रस्ता एकशेवीस धर..."

"रहेवा दे ने, मम्मी!" त्याने वही ओढून घेतली. "तुला हे नाही येत, सगळ्यांना माहितीये. मावशी, तू सांग, बरोबर आहे ना?"

अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस! अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तोच दंडाला चिमटा बसला. थेट आईचा चिमटा. मी कळवळले.

"पन्नासच," ताई हसून म्हणाली. "अगदी बरोबर आहे, बाळा. नीघ आता, उशीर होईल."

तो सायकल काढून गेला. फाटकाची कडी वाजेपर्यंत मी दंड चोळत होते. मग मला राहवेना.

"अगं, पोटचं पोर आहे ना तुझं!"

"मीही पोटचीच होते," ताई म्हणाली आणि सासऱ्यांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.