सुराचा पाट

बहीण पाटावर बसलेली दिसली की हमजाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. रोज जायची, कारण ती रोजच बसायची.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पाशामियाँचं दुकान. पेटी बिघडली तर पाशामियाँकडंच न्यावी, असं नांदेडपासून जळकोटपर्यंतचे भजनी लोक म्हणायचे. दुकान कसलं, बोळच तो. दोघं बसले की तिसऱ्यानं उभंच राहावं. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना हे लोक सूर म्हणतात. ते सूर कानशीनं घासून जुळवायचं काम एका बुटक्या पाटावर बसून व्हायचं. भात्याला कापड चिकटवणं, पट्ट्या बदलणं, पॉलिश मारणं, हे सगळं खाली चटईवर. पाटावर आधी आजोबा बसले, मग पाशामियाँ. आता त्यांची जवळची नजर अधू झाली, तर तिथं कोण बसावं? घरात धडधाकट मुलगा असताना, म्हणे, उजमा.

खरं तर जळायचंच होतं तर उजमानं जळायला हवं होतं. भूकंप झाला तेव्हा हमजा आठ वर्षांचा, किल्लारीकडं आजोळी गेलेला. भिंतीखालून ओढून काढला, डोक्याला टाके पडले. तेव्हापासून त्याची अम्मी, बेगमबी, त्याला तळहातावरच्या फोडासारखी जपायची. ताटातलं अंडं त्याला, पंखा त्याच्या खाटेकडं. तो मोठा झाला तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलेलं. जिकडं बघावं तिकडं भिंतींवर गुणवंतांचे फोटो, टपरीवर चहा पितानाही पोरं फिजिक्सच बोलायची. पाशामियाँनी जाहीर करून टाकलं, हमजा डॉक्टर होणार. उजमाला दहावीनंतर घरी बसवलं. ती भावाचा डबा भरायची, शर्टाला इस्त्री करायची आणि उरलेल्या वेळेत दुकानात बापाच्या हाताखाली बसायची.

हमजा दोनदा सीईटीला बसला आणि दोनदा आपटला. मग म्हणाला, मरू द्या ती डॉक्टरकी, आपलं दुकान हाय की. दुकानात येऊन बघतो तर काय, हा तिकडं सूत्रं घोकत होता तेवढ्यात बापानं सगळी विद्या पोरीच्या पदरात टाकली होती. आजोबांची कानससुद्धा तिच्याच हातात.

"अब्बा, मलाबी पाटावर बसू द्या की," तो म्हणाला.

"मग भाता कोण करील?" पाशामियाँ म्हणाले. "भात्याबिगर पेटी म्हंजे मुडदा. तुझ्यासारखा भाता लातुरात कुणी करत न्हाई."

स्तुती खोटी नव्हती. पण तोंड बंद करायला दिलेली स्तुती माणसाला बरोबर कळते. हमजा चटईवर बसून कापड कापायचा आणि राग उजमावर काढायचा.

"उद्या लगीन होऊन जाशील. आजोबांची कानस काय सासरी भाकरी उलथायला नेणार का?"

"नेईन की," उजमा मान वर न करता म्हणायची. "तुझ्या बायकोला उलथणं लागलं की परत देते."

अशात नांदेडहून बोलावणं आलं. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या एका सरदारजीच्या पेट्या तिथंच बसून जुळवून द्यायच्या होत्या. पाशामियाँ उजमाला घेऊन निघाले. पिशवी उचलून स्टँडपर्यंत आला कोण? हमजा. एसटीत बापानं पोरीला खिडकीशी बसवलं, उस्तादाला बसवावं तसं. हमजा खाली उभा राहून ते बघत होता. आपल्याला कुणी कधी कुठं नेलं, ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला आणि त्याला क्लासच्या फाटकाशिवाय काही आठवेना.

तडक दुकानात आला आणि पाटावर बसला. जळकोटच्या व्यंकटरावांची पेटी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. काम काही त्याला अनोळखी नव्हतं. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एका पट्टीखाली दोन सूर असतात, ते दोन्ही एकजीव झाले पाहिजेत. दिवस मावळेपर्यंत तो घासत राहिला. शेवटी पेटी वाजवून बघितली तर कुठं म्हणून खोट नाही. त्या रात्री तो किती दिवसांनी पोटभर जेवला. बापलेक पहाटेच्या एसटीनं नांदेडहून परतले तेव्हा तो गाढ झोपेत होता.

दुपारी व्यंकटराव आले. आपण जुळवली असं सांगत हमजानं पेटी पुढं सरकवली. काळी एकवर बोट ठेवलं, डोळे मिटले, अभंगाचा तुकडा म्हटला. "पाशामियाँ," ते म्हणाले, "पोरगं तुमच्यावर गेलं बगा."

हमजानं आधी उजमाकडं बघितलं. ती खाली मान घालून पितळेचा कीस झाडत होती. जळली, त्याला वाटलं. बरं झालं, कळू दे जळणं काय असतं ते.

त्यानंतर बापही नाही म्हणेना. आठवड्यात एखादी पेटी हमजाच्या वाट्याला यायला लागली. गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन यायचं. टपरीवर तो छाती काढून बसायचा.

मग एका दुपारी तो भात्याचं कापड आणायला बाजारात निघाला आणि नमुना विसरला म्हणून परत फिरला. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं. बाहेर पाशामियाँ रस्त्यावर नजर ठेवून उभे. हमजाला बघताच ते मोठ्यानं खोकले. हमजानं दार ढकललं. आत उजमा पाटावर, पुढ्यात त्यानं सकाळीच पुरी केलेली पेटी उघडी, आणि हातात कानस.

"माझं काम बिघडवून राहिलीस?" तो ओरडला. "नाव झालं माझं ते बघवंना व्हय?" त्यानं कानस हिसकावली. "सांग, काय खोट हाय ह्यात. अब्बाच्या समोर सांग."

उजमानं बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता. तिनं भाता हलवला आणि वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली.

"ऐक भैया. दोन सूर भांडून राहिलेत. थरथर येती का ऐकू?"

"कसली थरथर? एकच सूर हाय."

तिनं परत दाबली. त्यानं मान पुढं केली, दुसरा कान लावला. "एकच हाय," तो म्हणाला, पण आवाज आता उतरला होता.

"दे तिला कानस," पाशामियाँ म्हणाले. "तुला आठवत नसंल, धा वर्षांचा व्हतास तवा तुलाच बसवलं व्हतं ह्या पाटावर. पोरीला न्हाई, तुला. वरच्या सुरातली बारीक थरथर तुला ऐकूच येत न्हवती. ती भिंत डोक्यात पडली ना, तवापासून. म्हणलं, डॉक्टर झालास तर तुला कधी कळायचंबी न्हाई."

हमजा चटईवर बसला. "व्यंकटरावांची पेटी?"

"तू उठायच्या आधी केली," उजमा म्हणाली.

"आन बाकीच्या?"

"सगळ्याच. लोक तुझं नाव घेतात, घेऊ दे की. मला काय त्याचं?"

तिला खरंच काही नव्हतं त्याचं. हेच त्याला सगळ्यात झोंबलं. इतके दिवस तो समजत होता की दोघांत झुंज चाललीय, आणि ही बाई झुंजायला उतरलीच नव्हती. जिंकली असती, मिरवली असती, तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

त्यानं कानस पुढं केली. "घास," तो म्हणाला.

तिनं जीभ हलक्या हातानं घासली, जागेवर बसवली, भाता हलवून पट्टी दाबली. हमजाला मघाशी जे ऐकू आलं होतं तेच आताही आलं. पण तो तिच्याकडं बघत होता. कपाळावरची आठी सुटली, पापण्या किंचित मिटल्या, आणि ऊन लागलेल्या माणसानं सावलीत पाय ठेवावा तसं काहीतरी चेहऱ्यावर येऊन गेलं.

"थांबली?"

"थांबली."

पाट हिसकावता आला असता, कानसही. हे कसं हिसकावायचं ते त्याला कळेना, आणि त्या चेहऱ्याचा त्याला असा हेवा वाटला की आजवरचा सगळा हेवा त्यापुढं पोरखेळ होता. डोळे मात्र त्याला तिथून हलवता येईनात.

"परत वाजव," तो म्हणाला.