सेव्हरिनची मान

शुक्रवारी दुपारी फ्लोरेस्टिनच्या हॉटेलात जेवायला बसलेला माणूस दिवेलागणीच्या आत उठला, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. आणि मेनूकार्ड मागितलं, की तो परगावचा हे ठरून जातं. न्यू ऑर्लीन्सच्या माणसाला कार्ड लागत नाही, त्याला त्याचा वेटर लागतो. दारातच विचारायचं, "सेव्हरिन आहे ना आज?" नसला तर तोंड वाकडं करून चालू पडायचं.

सेव्हरिन डोलिओल या हॉटेलात पाण्याचे ग्लास भरायला लागला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याचा मामा तिथे वेटर होता. मामाच्या पश्चात इस्टेट म्हणावी अशी एकच गोष्ट सेव्हरिनकडे आली: मामाची गिऱ्हाईक घराणी. कोणाच्या घरी कोण रुसलंय, कोणाला कोलंबी बाधते, कोणाच्या टेबलाशी कोणाचं टेबल लावायचं नाही, सगळं मामाने पढवून ठेवलेलं. उरलेलं काम सेव्हरिनच्या नाकाने केलं.

"आज खेकड्याच्या वाटेला जाऊ नका, राणी," तो एखाद्या गिऱ्हाईक बाईला म्हणायचा. "खेकडा रुसलाय."

"मग काय खाऊ? तुझं डोकं?"

"ते शिजायला वेळ लागेल. मासा घ्या. सकाळी मला बघून डोळा मारत होता."

लोक मासा घेत, आणि मासा खरंच तसा निघे. हळूहळू स्वयंपाकघरातही त्याच्यावाचून चालेना. क्लोथिल्ड, तिथली थोरली स्वयंपाकीण, एकदा थट्टेत म्हणाली, "सेव्हरिनने मान हलवल्याशिवाय पातेलं बाहेर जायचं नाही." थट्टेचा नियम झाला. तो झाकण उचलायचा, वाकायचा, नाकपुड्या फुलवायचा, थोडं ताटकळत ठेवायचा आणि मान हलवायचा. मगच गंबो, म्हणजे तिथला कोलंबी-खेकड्याचा दाट रस्सा, वाढला जायचा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला, आणि वासामागोमाग चवही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. येईल परत, म्हणून त्याने वाट पाहिली. मग वाट पाहणं सोडलं, पण कोणाला सांगितलं नाही. क्लोथिल्ड पातेल्यापाशी गुणगुणत असली की गंबो उत्तम, गप्प असली की जरा कमी, एवढ्यावर त्याने निभावलं. झाकण तो उचलतच होता, नाकपुड्या फुलवतच होता. क्लोथिल्डचा हात कधी चुकला नाही, म्हणून त्याची मानही चुकली नाही.

त्या शुक्रवारी क्लोथिल्ड नातीच्या बाप्तिस्म्याला गेली होती. पातेल्यावर ल्युशियन होता, नवखा, घाबरट. गंबोचा सारा जीव त्याच्या 'रू'मध्ये, म्हणजे परतलेल्या पिठात. तेलात पीठ परतत राहायचं, चॉकलेटी रंग येईपर्यंत हात थांबवायचा नाही. ल्युशियनचा हात थांबला होता.

"काका, रू थोडा लागलाय का हो?" त्याने चाचरत विचारलं. "मला जरा जळका वास येतोय. की माझा भास?"

सेव्हरिन वाकला. नाकपुड्या फुलवल्या. तिथे काहीच नव्हतं. बाहेर टेबलं खच्चून भरलेली. त्याने मान हलवली. ल्युशियनने सुटकेचा निःश्वास सोडला.

पहिली दोन ताटं रोशाँ बहिणींकडे गेली. थोरली मिस ऑक्टेव्हिया, जन्मभर शाळेत शिकवत आलेली. धाकटी लिओन्टिन, जन्मभर थोरलीचं ऐकत आलेली आणि त्याचा सूड म्हणून कायम कुरकुरणारी.

"जळलाय," लिओन्टिनने चमचा ठेवला.

"खा गुपचूप."

"अगं, कडू लागतंय! कोळसा घातल्यासारखं!"

"सेव्हरिनने पास केलाय ना? मग चांगलाच असणार. तुला कशातही खोट दिसते. भाचीच्या लग्नातल्या केकलाही नावं ठेवली होतीस."

"तो केक भुसा होता, ऑक्टेव्हिया."

मिस ऑक्टेव्हिया चमच्यामागून चमचा खात राहिली. सेव्हरिन पाणी ओतायला आला, तेव्हा तिने त्याची बाही धरून त्याला खाली वाकवलं.

"तुला म्हणून सांगते," ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही कडूच लागतंय. बहुतेक माझी जीभ गेली रे. आई शेवटी शेवटी असंच म्हणायची, सगळं कडू लागतं म्हणून. लिओन्टिनला बोलू नकोस, ती रडेल."

सेव्हरिन पाण्याचा जग हातात धरून तसाच वाकलेला राहिला. नुसतं "वय झालं, मिस ऑक्टेव्हिया" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती मानेने हो म्हणाली असती, घरी गेली असती, आणि आपली जीभ गेली असं समजून उरलेले दिवस जेवली असती.

"तुमची जीभ शाबूत आहे," तो म्हणाला. "माझं नाक गेलंय."

"काय बोलतोस?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. गंबो जळलाय. मला कळलं नाही."

"म्हणजे ईस्टरचा तो मासा?"

"अंदाज."

"आणि माझ्या वाढदिवसाचं कासवाचं सूप? केवढं वर्णन केलं होतंस!"

"जुनंच वर्णन होतं ते. चांगल्या दिवसांतलं."

तिने बाही सोडली. "दोन वर्षं मी तुझे अंदाज खात होते," ती म्हणाली, आणि रुमालाने ओठ इतक्या जोरात पुसले, की सेव्हरिनला ते चपराकीसारखं वाटलं.

तो आत गेला. "ओतून टाक," ल्युशियनला म्हणाला. "तुझं बरोबर होतं." भर शुक्रवारी गंबो नाही! ते सांगायला टेबलाटेबलाशी तो स्वतः गेला, आणि का ते प्रत्येक ठिकाणी बोलला. कोणी हसलं, कोणी खांद्यावर थोपटलं, एका म्हाताऱ्याने खुर्ची मागे सारली आणि टोपी घेऊन निघून गेला. त्याचा बाप मामाचं गिऱ्हाईक होता.

रोशाँ बहिणींपुढे आता कोलंबी भरलेलं मिरलिटन, दुधीसारखी एक फळभाजी, आलं होतं. मिस ऑक्टेव्हियाने एक घास घेतला, सावकाश चावला.

"इकडे ये. वहीत लिहून घेतल्यासारखं ऐक. कोलंबी गोड आहे. भाजी मऊ, पण गाळ नाही झालेली. वरचा पावाचा चुरा कुरकुरीत. मीठ कमी."

"मीठ बरोबर आहे," लिओन्टिन म्हणाली.

"तू गप्प बस. मीठ कमी. सांग जाऊन."

पलीकडच्या टेबलावर एक तरुण जोडपं त्याची वाट पाहत होतं. "काय चांगलं आहे आज?" मुलाने विचारलं.

"मिरलिटन घ्या," सेव्हरिन म्हणाला. "कोलंबी गोड आहे. मीठ थोडं कमी. असं मिस ऑक्टेव्हिया म्हणतात."

"त्या कोण?"

सेव्हरिनने वळून दाखवलं. मिस ऑक्टेव्हिया बहिणीच्या ताटातला कुरकुरीत तुकडा उचलत होती, आणि लिओन्टिन तिच्या हातावर चमचा मारत होती.