रफिकभाईंचं कोपर

गॅरेजात बसणाऱ्याच्या कपड्यांना ग्रीस लागतं तसे किस्सेही चिकटतात, आणि घरी आल्यावर कळतं. मी कडा गावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. कॉलेज सुटलं की माझा मुक्काम रफिकभाईंच्या ट्रॅक्टर गॅरेजात असायचा. ते गेले, किस्से माझ्याकडे राहिले.

*

रफिकभाईंपुढे हात केला की ते मनगट पुढे करायचे. पंजा कायम ऑइलनं काळा! मुलगी नाझनीन शाळेत पहिली आली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर चक्क कोपर ठेवलं.

"अब्बा, दुसऱ्यांचे अब्बा तर हात ठिवतेत."

"हात साफ झाले की ठिवतो."

हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

*

पुढे नाझनीन माझ्याच वर्गात आली. मी फळ्यावर साबणाचा रेणू काढला. एक डोकं, एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. म्हणून तेल-पाण्याच्या शिवेवर हे रेणू रांगेनं उभे राहतात, डोकी पाण्यात, शेपट्या तेलात.

तिनं हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रफिकभाई मला म्हणाले, "म्हंजी बांधावरचा माणूस की सर. दोनीकडच्या शिव्या खाणारा."

*

एकदा मी गॅरेजात हात ओले केले आणि वर लिक्विड साबण घेतला.

"आदी पाणी न्हाई सर. कोरड्या हातावर चोळा, पाणी मागून."

खरंच होतं. शेपट्या आधी तेलात नीट रुतल्या पाहिजेत. मग डोकी पाण्याला धरतात आणि तेलाचे बारीक थेंब सुटून वाहून जातात. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं!

*

नाझनीनच्या लग्नाच्या दिवशी रफिकभाई सकाळपासून नळावर होते. घासून घासून कातडी सोलली, तळवे लाल झाले, पण भेगांमधलं काळं निघेना.

"सर, तुमचे रेणू इथवर पोचंनात."

पाठवणीच्या वेळी त्यांनी कोपरच ठेवलं. मांडवातले लोक हसले. नाझनीन त्या कोपराखाली वाकून रडत राहिली, तेव्हा हसणं थांबलं.

*

मग किडनीचं दुखणं आलं. गॅरेज बंद झालं. महिनोन् महिने हाताला ऑइल नाही, त्यामुळे भेगा भरल्या, काळं आपोआप गेलं. पंजे इतके स्वच्छ झाले की मला बघवेनात.

शेवटच्या आठवड्यात नाझनीन आली आणि खाटेशी वाकली. रफिकभाईंचं बोलणं बंद झालं होतं. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "भाई, हात साफ झालेत. आता ठेवा."

त्यांनी हात कसाबसा उचलला. तळवा डोळ्यांपुढे धरून बराच वेळ पाहिला. मग मूठ मिटली आणि तिच्या डोक्यावर कोपर ठेवलं.