दोन्हीकडं वूड

सत्यशीलाला इंग्रजी येत नव्हतं, असं मुळीच नाही. स्पेलिंगं पाठ, निबंध पाठ, गाईवरचा तर ती झोपेतून उठवली तरी म्हणून दाखवी. घोडं अडत होतं ते जर-तरच्या वाक्यांपाशी. मॅट्रिकला दोनदा बसली, दोन्हीदा इंग्रजीत आपटली. आधी अठ्ठावीस, मग एकतीस. पासाला पस्तीस. बाकी सगळे विषय पहिल्याच झटक्यात सुटलेले.

बाप सूर्यभान येलदरीच्या धरणावर मजूर होता. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि त्याच्या पुढच्याच जूनमध्ये त्यानं लेकीला शाळेत नेऊन बसवलं. "माझी पोर नर्स होणार," हे तो भेटेल त्याला सांगे, जणू नेमणुकीचा कागद खिशातच आहे. पण नर्सच्या ट्रेनिंगला मॅट्रिक पास लागायचं, आणि वय पंचविशीच्या आत. सत्यशीला चोवीस संपवत आलेली. म्हणजे १९७४ च्या ऑक्टोबरची परीक्षा हुकली की विषयच मिटला.

तोवर लग्न होऊन ती चुडाव्याच्या स्टेशनाला आली होती. नवरा लिंबाजी तिथं गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन. दोन खोल्यांचं क्वार्टर, दीड वर्षाची मुलगी आणि सासू चांगुणाबाई. चांगुणाबाईंचं तोंड दिवसभर चालू, पण हात त्याहून जास्त चालू, हेही सांगायला हवं.

एकदा सत्यशीला पीठ मळता मळता घोकत होती, "इफ आय वेअर अ बर्ड, आय वूड फ्लाय."

"काय म्हनायलीस गं?"

"मी पाखरू असते तर उडाले असते."

"उडशील माय! अन् भाकरी कोन थापील, तुजा इंग्रज?"

दर गुरुवारी ती पॅसेंजरनं पूर्णेला जाई. तिथं दिनकरराव नावाचे निवृत्त मास्तर राहत. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले, हातात कायम लाल पेन्सिल. सत्यशीलाच्या वहीतलं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. "इफ द ट्रेन वूड हॅव कम, आय वूड हॅव गॉन. अहो सत्यशीलाबाई, पुन्हा दोन्हीकडं वूड?"

"सर, मराठीत नाही का? गाडी आली असती तर मी गेले असते. इकडं असती, तिकडं असते. आमच्या मराठीत दोघांना सारखं वाढतात. इंग्रजीतच हा दुजाभाव काऊन?"

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पण हसून मार्क मिळत नाहीत. त्यांनी तोच नियम पुन्हा सांगितला: इफच्या बाजूला हॅड आणि तिसरं रूप, दुसऱ्या बाजूला वूड हॅव. तिनं तो विसाव्यांदा लिहून घेतला आणि घरी येऊन पुन्हा दोन्हीकडं वूड लिहिलं. नियम कळणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला पाहिजे.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. एक दिवस अकराच्या सुमारास ती लिंबाजीचा डबा घेऊन स्टेशनावर गेली. लूपलाइनीत, म्हणजे थांबणाऱ्या गाडीसाठीच्या बाजूच्या रुळावर, मालगाडी उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून कुरकुरत होता.

"ही केव्हाची उभीय?" तिनं लिंबाजीला विचारलं.

"तासभर झाला. मागून पासिंजर यायलीय, गोळा तिला द्यायचाय."

गोळा म्हणजे पुढचं स्टेशन येईपर्यंत रूळ तुझाच, अशी ड्रायव्हरला दिलेली खूण. चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवलेला लोखंडी गोळा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढं नेत नाही. चार वर्षं ती हे बघत होती.

"हिला बी देऊन टाका की एक," ती उगाच म्हणाली.

"येडी का खुळी! एका टायमाला एकच गोळा भाईर निगतो. दोघींकडं गोळा म्हंजे टक्कर."

सत्यशीला डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अन् जी लूपला उभीय, तिला न्हाईच?"

"जी थांबली तिला कशाला? जी जानार तिला."

"थांबलेली म्हंजे इफ," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

"काऊन हसायलीस? डबा तरी दे!"

घरी येऊन तिनं सगळी चुकलेली वाक्यं काढली. इफ ज्या बाजूला, ती लूपला उभी. तिला वूड द्यायचं नाही. इफ पुढं असो का मागं, गोळा दुसरीलाच. विल असलं तरी तेच. पुन्हा लिहिलेल्या चाळीस वाक्यांत तीनच चुकली, तीही तिची तिनंच पकडली. गुरुवारी मास्तरांची लाल पेन्सिल हवेतच राहिली. गोळ्याची गोष्ट ऐकून ते जरा चिडलेच. "बत्तीस वर्षं मी सूत्रं घोकवली, आणि हे मला सुचू नये?"

परीक्षेत वाक्य उलटं आलं. वूड पुढं, इफ मागं, आणि इफनंतर रिकामी जागा. सवयीनं पेन वूडच्या डब्ल्यूकडं वळलं. तिनं ते उचललं, दम घेतला आणि हॅड लिहिलं.

निकाल लागला: इंग्रजीत त्रेचाळीस. ट्रेनिंगचा अर्ज वेळेत गेला आणि नांदेडहून बोलावणंही आलं. प्रश्न आता एकच राहिला, मुलीचा.  शेवटी पत्र्याची ट्रंक पुसता पुसता चांगुणाबाईच बोलल्या, "गप काऊन बसलाव दोघं? पोरीला मी बघते. लिंब्याला वाढवलं ते कोनी, पूर्णेच्या मास्तरनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सत्यशीला नांदेडला गेली. प्लॅटफॉर्मवर नातीला कडेवर घेऊन चांगुणाबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "सून माजी. नर्स हाय."