ट्रॉलीचं डावं चाक

हे मी बायकोलासुद्धा बोललो नाही. तिला माझं सगळं कळतं, मी थाप कधी मारतो तेही कळतं, पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या मुरबे गावचे नाही, म्हणून असेल. उद्या बंदरावर तुमची-माझी गाठ पडायची नाही.

आधी गाडीचं सांगतो. ते सोपं आहे. तारापूरला कारखान्यात कायम झालो आणि ही मोठी गाडी घेतली. डिझेलची, सात जणांची, घरातले सगळे मावतात. बोईसरला बिल्डिंगखाली ती उभी असली की मी उगाच खिडकीत जायचो. मुरब्याला गेलो की गावातून एक चक्कर जास्तच मारायचो. म्हणायचो, हिच्यामागे हत्ती बांधा, ओढून नेईल. आता आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. कारण मला माहीत होतं — मागे वजन लावलं की ती मरगळते. एकदा साल्याचं सामान ट्रॉलीत घालून आणलं होतं, तर साध्या पुलाच्या चढावर तिला धाप लागली, क्लच जळल्याचा वास आत आला. पण हे कोणाला सांगायचं? हत्ती कुठे गेला मग?

आता दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मी कारखान्यात गेलो, तो दर्यावरच राहिला. लहानशी फायबरची होडी, एकटाच जाळं टाकायला जायचा. एका सकाळी होडी परत आली — तो नाही. डबा होडीत तसाच होता, झाकण लावलेला. बाकी काहीच मिळालं नाही, कधीच नाही.

वहिनी खमकी बाई. दादाचं दिवसकार्य झाल्यावर तिने सगळं ठरवून टाकलं. होडीचा तळ चिरला होता, तो बोईसरला एकाकडून दुरुस्त करून घ्यायचा. मग तिचा भाऊ होडी चालवणार, ती पालघरच्या बाजारात मासळी विकणार. कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. माझ्याकडे तिने एकच गोष्ट मागितली — होडी तेवढी बोईसरला पोचवा, भावोजी.

सालवडच्या एका मित्राकडून ट्रॉली आणली. त्याने बजावलं होतं, ही खाऱ्या पाण्यात जाऊन आलीये, चाकांना आधी ग्रीस भर, नाहीतर अडकतील. मी हो म्हटलं. भरलं नाही. रविवार होता, अंगात नवा पांढरा शर्ट होता, हात कोण काळे करणार? एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे रीत आहे — होडी जागची हलवायची तर मालकाने आधी तिच्या नाळीला, पुढच्या टोकाला, हात लावायचा. मालकच नाही. म्हणून वहिनीने दादाची टोपी आणली, नाळीला टेकवली, नारळ फोडला. मी होडीवर निळी ताडपत्री बांधली होती, ती दोन्ही बाजूंनी पार रेतीपर्यंत लोंबत होती. अर्धं गाव जमलेलं. मी गाडी सुरू केली आणि गाडी जागची हलेना.

एंजिन ओरडत होतं, आणि आम्ही तिथेच. पोरं मागून ढकलत होती. वारा पडला होता, भरदुपारी किनाऱ्यावर एक कावळा नव्हता. तेवढ्यात ताडपत्रीचं टोक जरा उचललं — वारा नसताना कसं उचललं, मला नाही सांगता येत — आणि डाव्या आरशात मला दिसलं. ट्रॉलीचं चाक फिरतच नव्हतं. रेतीत नांगरासारखं रुतत होतं, बस्स. जाम झालं होतं ते. दोन मिनिटांचं सांगणं होतं, तासाभराचं काम.

पण गर्दीतून आमची म्हातारी आते म्हणाली, "मालकाचा हात नाय लागला. त्याला नाय जायाचं."

पोरांनी ढकलणं थांबवलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिला ते खरं मानायचं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती माझ्याकडून ऐकायला थांबली होती — मी शिकलेला, मी कारखान्यातला, मी गाडीवाला. मी काय म्हणालो माहितीये?

म्हणालो, "स्टेअरिंगला मलापण जाणवतंय वहिनी. कोणीतरी धरल्यासारखं."

पांढऱ्या शर्टासाठी. हत्तीच्या गोष्टीसाठी. वहिनीने टोपी उचलली आणि पदराखाली धरली.

होडी पोरांनी उतरवली, ती तिथेच राहिली. ट्रॉली मी एकट्याने सोडवून नेली, घरामागे ग्रीस भरलं, चाक बोटाने ढकललं तर गरगर फिरलं. वहिनीचा भाऊ वाट बघून दुसऱ्याच्या बोटीवर गेला. वहिनी आता सालवडला पॅकिंगच्या कामाला जाते, दिवसभर उभी असते, पाय सुजतात. आणि होडी होती तोवर दर अमावास्येला तिच्यात भाताचं ताट ठेवून, काठावर बसून दादाशी बोलायची. घरातलं सगळं सांगायची त्याला. मी लांबून बघायचो.

आता पुढचं. किनाऱ्यावरून गावात यायला एक छोटा चढ आहे. त्या दिवसापासून गाडी तिथे जड होते. मागे काही नसतं, तरी. बोईसरच्या मेकॅनिकने दोनदा सगळं उघडून बघितलं. गाडी में कुछ नहीं है साहब, म्हणाला. मीही तेच म्हणतो स्वतःला. मग चढ आला की मी डाव्या आरशात का बघतो?

गेल्या पावसाळ्यात उधाणाने होडी नेली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, संपलं एकदाचं. नंतरच्या रविवारी वहिनीला बोईसरला घरी आणायला गेलो. ती किनाऱ्यावर उभी होती. तिने मागचं दार उघडलं आणि आत बसली नाही. दार धरून थांबली, कोणाला तरी आधी चढू द्यावं तशी. मग स्वतः कडेला अंग चोरून बसली. मधली जागा सोडून.

"बसले हे," ती म्हणाली. "चला भावोजी."

तिचा आवाज किती दिवसांनी हलका होता. चाक जाम होतं, वहिनी — चारच शब्द. जिभेवर होते.

मी पहिला गिअर टाकला. चढावर गाडी जड झाली.