चार बोटं बाही

मोताळ्याला मी एका कापडाच्या दुकानात कामाला आहे. रोज धुतलेली साडी, निऱ्यांना पिन, घट्ट वेणी, ब्लाउजची बाही चार बोटं. गिऱ्हाईक बाया साड्या पाहता पाहता मलाच पाहत बसतात. "ताई, रोजच एवढं नीट कसं राहून होते वो तुमच्याच्यानं? आमच्या चांगल्या साड्या तर ट्रंकेतच कुजून राह्यल्या." मी हसते, पदर उलगडून दाखवते आणि सवयीनं होते म्हणून सांगते. खोटं बोलते. मला हे रागानं जमलं, आणि तो राग कशाचा होता ते आज सांगूनच टाकते.

आमच्या भागात बाया वावरात जाताना साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, फुल बाह्यांचा. कपाशी वेचताना बोंडाची टोकं हात ओरबाडतात, तुरीत अंग खाजतं, उन्हाचं तर विचारूच नका. संध्याकाळी घरी आलं की शर्ट खुंटीला आणि बाई मोकळी. गावोगाव हीच रीत. मी मात्र अकरा वर्षं तो शर्ट अंगावरून उतरवला नाही. सैपाकाला शर्ट, नळावर शर्ट, चक्कीवर दळण न्यायचं तरी शर्ट. बाया म्हणायच्या, "अवं, हिले तर नवऱ्याच्या शर्टाचं खूळच लागलं बाप्पा! लय जीव हाये वाट्टे." मीही त्यांच्यात हसायची.

आमचे घरवाले, म्हणजे माझा नवरा, दारू पीत नव्हते. हे आधी सांगते, कारण बाईनं मार खाल्ला म्हटलं की लोक लगेच बाटली शोधायला लागतात. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. कपड्यांना कडक इस्त्री, गावात मान. कोणाचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण असो की वाटणीचं, लोक त्यांनाच बोलावणार आणि ते शांतपणे दोघांची समजूत घालणार. घरी आले की दाराला कडी आणि कमरेचा पट्टा हातात. भाजीत मीठ कमी, पट्टा. पाणी द्यायला उशीर, पट्टा. मी बोलले तर पट्टा, नाही बोलले तर "माजली का बे?" म्हणून पट्टा. बक्कल मुठीत धरलं तर नुसतं चामडं लागायचं. राग जास्त असला की उलटा धरायचे, मग बक्कल लागायचं. दंड, पाठ, मांड्या. तोंडाला अकरा वर्षांत एकदाही बोट लागलं नाही. दंडाचं कातडं फुटून ब्लाउजला चिकटायचं आणि अंघोळीच्या वेळी पाणी टाकून टाकून ते सोडवावं लागायचं.

दिवाळीला स्वतःसाठी नवे शर्ट आणले की जुने माझ्या अंगावर फेकायचे. "घे. फुल बाह्याचे पाहून ठेवले तुयासाठी." पाहून ठेवले! हाफ बाह्यांचा शर्ट त्या माणसानं जन्मात घेतला नाही. मेल्या, तू माप घेऊन मारत होतास. इथून पुढं मला त्याला अहो-जाहो करणं जमणार नाही, वाचणाऱ्यानं माफ करावं.

माझी पोरगी शाळेसाठी बुलढाण्याला वसतिगृहात होती. एकाच अंगणात आमच्या दोन चुली होत्या, एक माझी आणि एक मोठ्या जावेची. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, भजनात टाळ वाजवायचे. इतकं हळू बोलायचे की दोनदा विचारावं लागे. जाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, कमी बोलणारी. तिच्या दारातून कधी आवाज ऐकू आला नाही. मी मनात म्हणायची, हिचं नशीब चांगलं, हिला गाय मिळाली आणि मला वळू. खरं सांगते, मी तिच्यावर जळायची.

मग नणंदेच्या पोरीचं लग्न निघालं. मे महिना, मांडवाखाली माणूस उकडून निघत होतं. नवरीची हळद झाली आणि बाया एकमेकींना हळद फासायला लागल्या. मी आहेराच्या साडीवर शर्ट घालून कोपऱ्यात बसलेली. "हळदीले बी शर्ट? काढ वो माय, काढ!" करत चार-पाच जणी अंगावर आल्या. मी नाही नाही म्हणते, त्या हसतात. दोघींनी हात धरले, एकीनं बटनं काढली आणि शर्ट मागून ओढला. हळदीनं भरलेला एक हात माझ्या दंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

आदल्या दिवशीचंच होतं, ओलं. बक्कलचा चौकोन न् चौकोन उठलेला. मी कोणाचंच तोंड पाहिलं नाही, पण माझ्या मनात काय आलं सांगू? मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. आता कोणीतरी ओरडेल, कोणीतरी जाऊन त्याची कॉलर धरेल.

माझी जाऊ उठली. खाली पडलेला शर्ट तिनं झटकला, माझे हात एकेक करून बाह्यांत घातले आणि बटनं लावायला लागली. खालून सुरुवात केली आणि पार गळ्यापर्यंत लावत आली. "थंडी भरते तिले," ती बायांना म्हणाली. मे महिन्यात! आणि बायांनी माना हलवल्या. कोणीतरी गाणं उचललं, आणि हळद पुन्हा सुरू झाली.

त्याचा मार मी अकरा वर्षं सोसला, पण ती बटनं मला सोसली नाहीत. त्या दिवशी माझ्या डोक्यात जे पेटलं ते नवऱ्यावर कमी आणि जावेवर जास्त होतं. नालायक बाई, पाहिलंस ना डोळ्यांनी? पाहून झाकलंस! परतीच्या गाडीत ती शेजारी बसली होती. मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

घरी आले आणि ट्रंक उघडली. आहेरात आलेल्या वीस-बावीस साड्या, अकरा वर्षांच्या. डाळिंबी, मोरपिशी, पोपटी, काहींचं तर प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं. कशासाठी ठेवल्या होत्या? मेल्यावर अंगावर टाकायला? चार ब्लाउजपीस घेऊन मी गावातल्या शिवणाऱ्या बाईकडं गेले. तिनं टेप लावून विचारलं, "बाही कितीची ठेवू? कोपरापर्यंत?" मी शर्ट काढून तिच्या मशीनवर ठेवला. "चार बोटं," म्हटलं. तिनं दंड पाहिला, टेप सैल केला आणि कागदावर लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी पोपटी नेसले. अंघोळ करून, वेणी घालून, पावडर लावून, निऱ्या सारख्या करून. घागर घेतली आणि नळाला जायची जवळची वाट सोडून पारावरून गेले, जिथं तो चार मानाच्या माणसांत बसलेला होता. पोपटी रंगावर काळानिळा दंड काय उठून दिसतो! माणसं खाली पाहायला लागली. घरी आल्यावर त्यानं कडी लावली आणि दम लागेपर्यंत मारलं. दुसऱ्या दिवशी मी डाळिंबी नेसले.

मग तेच सुरू झालं. तो मारायचा, मी नटायची. जेवढा मार जास्त, तेवढ्या निऱ्या नीट. दंड दिसतात म्हणून त्यानं पाठ धरली, तर मी मागून मोठ्या गळ्याचे ब्लाउज शिवून घेतले. एकदा त्यानं शिवलेले ब्लाउज विळ्यावर फाडले, मी पुन्हा शिवले. त्याचा पट्टा आणि शिवणाऱ्या बाईची कात्री, अशी दोन महिने कुस्ती चालली. मी एकदा बेशुद्धही पडले, डावा कान अजून नीट ऐकत नाही. पण एक गोष्ट लपवत नाही: मला आवडायला लागलं होतं. अकरा वर्षांत मी आरशात स्वतःला पाहिलं नव्हतं. आता रोज पाहायची. बरी दिसते की मी, म्हणायची. मोरपिशी रंग मला शोभतो हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, "कोणासाठी नटते वो ही?" दंड सगळ्यांना दिसत होता, बोलणं मात्र साडीवर चाललं होतं. जाऊ एकदा चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "नको करू असं. मारून टाकीन तो तुले." मी म्हटलं, "मंग तुमी बटनं लावायले या." ती निघून गेली. मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

एक दिवस धुऱ्याच्या न्यायाला बसला असताना भांडणातला एक जण त्याला तोंडावर म्हणाला, "भाऊ, आमचा न्याय मागून करजा. आदी घरचं पाहा." भरल्या लोकांत. तो भर दुपारी घरी आला. माझी ट्रंक फरफटत अंगणात आणली, उलटी केली आणि मोटरसायकलच्या बाटलीतलं पेट्रोल ओतून काडी लावली. आहेराच्या साड्या सुती थोड्याच असतात? त्या वितळल्या, जळते थेंब टपटप पडले. मी धावले तर माझा पदर धरून त्यानं अंगावरची साडीही ओढून काढली आणि त्यात फेकली. मानेला धरून माझं तोंड जाळाजवळ नेलं. "पाह्य, नटवे! पाह्य!" माझ्या भुवया जळाल्याचा वास मला आला. भिंतीवरून माणसं पाहत होती. भासरे ओसरीवर उभे होते. मग त्यानं मला ढकललं, अंगातला शर्ट काढला आणि माझ्या तोंडावर मारला. "घाल. अन् सैपाकाले लाग."

मी तो शर्ट उचलला आणि जाळात टाकला. आणि तशीच निघाले. परकर आणि पोलकं, चार बोटं बाहीचं. सगळ्या गावातून चालत गेले. दारं लागत गेली. कोणी हाक मारली नाही, कोणी अडवलं नाही, तोही मागून आला नाही. लोकांसमोर बायकोला ओढत नेणं त्याच्या इज्जतीत बसणारं नव्हतं. फाट्यावरच्या एसटी थांब्यावर जाऊन बसले. बुलढाण्याला पोरीकडं जायचं, तेवढंच डोक्यात होतं. परकरावर एसटीत कसं चढायचं ते कळत नव्हतं आणि तिथं मला रडू आलं.

तेवढ्यात जाऊ पळत आली. हातात तिची एक साडी आणि तिकिटापुरते पैसे. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतल्याशिवाय ही बाई दारातसुद्धा उभी राहायची नाही, आणि आता पदर कमरेला खोचलेला. "उठ," म्हणाली आणि मला साडी गुंडाळायला लागली. माझ्या खांद्यावर पदर टाकायला तिनं हात वर केले, तिच्या ब्लाउजच्या ढगळ बाह्या काखेपर्यंत सरकल्या, आणि मला दिसलं. दंडाच्या आतल्या बाजूला, एकाखाली एक, उलथन्याच्या आकाराचे डाग. जुने पांढरे पडलेले, मधले काळे, आणि सर्वांत खालचा अजून फोडाचा. मला पट्टा होता. हिला तापवलेलं उलथनं होतं. टाळ वाजवणाऱ्या हातातलं.

"बाई, हे काय वो?"

"नेसून घे आदी. एस्टी येऊन राह्यली."

"मले सांगतलं काऊन नाही?"

ती निऱ्या घालत होती. वर न पाहता म्हणाली, "तू इचारलं कधी?"

एकाच अंगणात अकरा वर्षं. माझ्या चुलीपासून तिची चूल दहा पावलं. तिच्याकडून कधी आवाज आला नाही म्हणून मी तिला सुखी ठरवून टाकलं होतं, आणि वर तिला बटनांवरून टोचून बोलले होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

एसटी थांबली. मी चढले आणि तिला हात दिला. ती मागं सरली. "मी नाही येत. सैपाक पडला घरी." आणि पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन ती वळलीसुद्धा. कंडक्टर ओरडला. मी खाली उडी मारली, धावत जाऊन तिचा दंड धरला आणि ओढायला लागले. ती म्हणे सोड, मी सोडेना. तिनं मला थोबाडीत मारली, मी तिला धक्का मारला. जन्मात मी पहिल्यांदा कोणावर हात टाकला असेल तर तो तिच्यावर. माझी बोटं नेमकी त्या फोडावर होती. तो फुटल्याचं मला ओलसर लागलं, ती किंचाळली, पण मी सोडलं नाही. तिला फरफटत पायरीवर चढवली आणि कंडक्टरला म्हटलं, "दोन, मोताळा."

मोताळ्याला उतरून आधी ठाणं गाठलं, तक्रार दोघींची लागली. तारखा पडतात, आम्ही जातो, दोघे भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात इस्त्रीचे कपडे घालून उभे असतात आणि आमच्याकडं पाहत नाहीत. आम्ही एका खोलीत राहतो, पोरगी सुट्टीत येते. तिनं भाकरी टाकायची, मी दुकानात जायचं. मी रोज नेसते तशी तीही आता रोज नीट नेसते, पण बाही तिनं कोपरापर्यंतच ठेवली आणि मी तिला त्याबद्दल काही म्हणत नाही. त्या दिवशीच्या ओढण्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही. फुटलेला फोड चिघळला, बरा व्हायला दोन महिने लागले, डाग अजून ओढतो, आणि त्यावर मलम मीच लावते. पहिल्या दिवशी मी सरळ हात धरायला गेले तर तिनं अंग चोरलं, भिंतीला टेकली. तो जवळ आल्यावर मी जशी टेकायची, अगदी तशी.

तेव्हापासून मी आधी विचारते. "बाई, हात लावू का?" कधी ती हो म्हणते. कधी नाही म्हणते, मग मी मलमाची डबी तिच्या हातात देते आणि दुकानात जाते.