आधी पुडी

मनीषनगरच्या दवाखान्यात मी झाडू-पोछा करते. तिथे दात साफ करणारी एक ताई आहे. तंबाखू-सुपारी खाणारा आला, की मशीन सुरू करण्याआधी ती तळहात पुढे धरते. "आधी खर्र्याची पुडी काढा, भाऊ. मी घासून राहिली, अन् तुम्ही पुन्हा रंगवता काहून?"

काल डॉक्टरांचा मित्र खुर्चीत बसला. "दात घासायले बी कोर्स असते का वं?"

"असते. पुडी द्या."

"नाही देत, जा!"

डॉक्टर चिडले. "साफ करून दे, नाही तर उद्यापासून काउंटरवर बस."

"बसवा. पण पुडी खिशात असेपर्यंत मी हात लावत नाही."

तिचा तळहात तसाच होता. मी कोणासमोर बोलत नाही. कचऱ्याचा डबा उचलला आणि त्याच्या गुडघ्याशी नेऊन ठेवला.